सतरा नंबरचं फावडं

म्हात्रेकाकांनी माझं पहिलं ड्रॉइंग परत पाठवलं, तेव्हा मला कतारमध्ये, दोह्याला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती. मी पुण्याचा असल्यामुळे ते तीनदा तपासलं होतं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. कागद घेऊन मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेलो. टेबलावर स्टीलची पट्टी, शाईचा पॅड आणि पलीकडे साठीकडे झुकलेला, बसका, काळासावळा माणूस. त्यांनी शांतपणे पट्टी माझ्या शिक्क्याखाली धरली.

"तिरपा हाय."

"काय तिरपं आहे?"

"शिक्का. डावीकरं खाली गेलाय. आज शिक्का तिरपा, उद्या धक्का तिरपा. परत मारून आन."

आमची कंपनी समुद्रातला गाळ उपसून बंदरं आणि धक्के बांधणारी. मालक डच, वरचे साहेब बरेचसे डच आणि खाली आपण सगळे. म्हात्रेकाका तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर. ऑफिसात येणारा-जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जायचा आणि तिरपा असला तर आल्या पावली परत जायचा. ज्यांच्या सहीनं मैलभर समुद्र मागे हटायचा असे प्रोजेक्ट मॅनेजर काकांच्या टेबलासमोर उभे राहून, जीभ दातांत धरून, शिक्का सरळ मारताना मी पाहिले आहेत. मीही मारला. चौथ्या प्रयत्नात पास झालो.

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी माझं नामकरण केलं, "पुनेकर". माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं, कारण पगाराच्या कागदांवरही तेच शिक्का मारायचे. पण ते कधी उच्चारलं नाही. त्यांचं इंग्रजी चोख होतं, हिंदी कामापुरतं, आणि अरबी 'यल्ला' आणि 'खलास' या दोन शब्दांत भागायचं. समोर मराठी माणूस आला की मात्र ते थेट त्यांच्या खाडीकाठच्या बोलीत उतरायचे; तिथे 'वेडा'चा 'येरा' व्हायचा आणि 'पुढला'चा 'पुरला'. वीस-बावीस वर्षं वाळवंटात काढूनही त्या बोलीवरचा चिखल वाळलेला नव्हता. आमची लेक ओवी घरात आम्हाला इंग्रजीतून उत्तरं देते. ती काकांशी मात्र "नाय काका, मना नको" असं बोलायला लागली, तेव्हा माझ्या बायकोनं, सुमेधानं, कपाळाला हात लावला होता.

काका अलिबागकडचे. गाव खाडीला लागून आणि निम्म्याहून जास्त घरं म्हात्र्यांची. पोस्टमन आडनाव वाचायचा नाही, वाचून उपयोग नसायचा. शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. खाडी आणि शेत यांच्या मधे मातीचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधाचे घरटी वाटे पाडलेले. काकांच्या घरचा वाटा बारा नंबरचा. उधाण येऊन गेलं की प्रत्येक घरातला माणूस आपापल्या वाट्यावर फावडं घेऊन उतरायचा. "बांध सगल्यांचा, पन वाटा ज्याचा त्याचा," हे काका कुठल्याही विषयावर बोलताना म्हणायचे. ऑफिसातला प्रिंटर बिघडला तरी म्हणायचे.

या माणसाला एका डच गावाचं वेड लागलं त्याला कारण जेवणाची सुट्टी. काकांच्या डब्यात सुकट असायची आणि पँट्रीतली माणसं पटापट उठून जायची. केस नावाचा साडेसहा फुटी डच सर्व्हेअर घरून आणलेलं जुनं चीज खायचा, त्याच्या वासानं उरलेली उठायची. मग दोघंच राहायचे. महिनाभर एकमेकांच्या डब्यांकडे संशयानं बघून झाल्यावर एके दिवशी केसनं टिश्यू पेपरवर एक चित्र काढलं. एकीकडे समुद्र वर, दुसरीकडे शेत खाली, मधे बांध, बांधात पाणी सोडायची झडप. त्याचं गाव. काकांनी ते बघितलं, खिशातून पेन काढलं आणि शेजारी आपलं गाव काढलं. दोन्ही चित्रं इतकी सारखी होती की नंतर कुठलं कुणाचं यावर दोघांचा वाद झाला.

केसच्या गावाचं नाव क्लेनदेक. बांधावरच एका ओळीत वसलेली एकतीस घरं, एक चर्च आणि एक खानावळ. नकाशात सापडायला भिंग लागावं एवढं. केस निवृत्त होऊन परत गेला, तेव्हा त्यानं काकांना एक खोकं दिलं. त्याच्या आजोबांकडून आलेल्या गावच्या बांधाच्या वहीच्या फोटोकॉपीज. कुठल्या घराकडे कितवा वाटा, कुणी दुरुस्त केला, कुणी केला नाही, पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी. केसला वाटलं असेल, म्हातारा चार दिवस चाळेल आणि ठेवून देईल. आयुष्यभर कागद नोंदवण्याचं काम केलेल्या माणसाच्या हाती आपण काय देतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

काकांनी क्लेनदेकचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. दोह्याच्या अल मुंतझा भागात एका जुन्या फ्लॅटची एक खोली त्यांच्याकडे होती. तिथे पलंगाच्या वर दोरी बांधून ते पानं वाळत घातल्यासारखी लटकवायचे. डच त्यांना येत नव्हतं. फोनचा कॅमेरा कागदावर धरून जे काय उमटेल ते घ्यायचे आणि अडलं की केसला ईमेल करायचे. केसही बिचारा उत्तरं द्यायचा. आम्ही सगळ्यांनी त्या लिखाणाला 'बखर' म्हणायला सुरुवात केली आणि काकांना बखरकार. त्यांना राग आला नाही. उलट पुढच्या वहीवर त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'क्लेनदेकची बखर, भाग दुसरा'. खाली शिक्का. सरळ.

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना पाच मिनिटं द्यावी लागायची. न देण्याची सोय नव्हती, कारण खुर्च्यांची मांडणी त्यांच्याकडे असायची आणि ती तेवढी सरळ दुसऱ्या कुणाला जमत नसे. तर एकदा गाणी आणि नाट्यप्रवेश यांच्या मधे काका माइकपाशी आले आणि त्यांनी बांधपाटलाची गोष्ट सांगितली. बांधपाटील हा शब्द त्यांचाच. क्लेनदेकमध्ये वर्षातून ठरलेल्या दिवशी हा बांधपाटील आपले पंच घेऊन बांधावरून चालत यायचा. प्रत्येक घरचा माणूस आपापल्या वाट्याच्या खुंटाशी उभा. ज्याचा वाटा खचलेला, त्याला कोणी रागवायचं नाही की मारायचं नाही. बांधपाटील पंचांसकट गावच्या खानावळीत जाऊन बसायचा आणि वाटा दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांचं खाणंपिणं त्या माणसाच्या नावावर.

"त्ये लोक सावकाश खायाचे," काका म्हणाले, "आन तो बिचारा धावत माती टाकायचा."

सभागृह हसलं. मग काकांनी सुचवलं की मंडळातही हीच पद्धत आणावी, नाटकाच्या तालमीला जो येणार नाही त्याच्या घरी कमिटीनं जेवायला बसावं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पहिली पाळी खुद्द सेक्रेटरीवर आली आणि कमिटी खरोखरच त्याच्या घरी तीन शुक्रवार जेवली. सेक्रेटरीच्या बायकोनं काकांशी दिवाळी ते होळी अबोला धरला. नाटक मात्र त्या वर्षी पाठ होतं.

या बखरीतलं आम्हाला सगळ्यात महागात पडलेलं प्रकरण म्हणजे तीन बांध. डच लोक म्हणे समुद्राला लागून असलेल्या बांधाला जागता बांध म्हणतात. पुढे आणखी समुद्र हटवून नवा बांध घातला की मागचा होतो झोपलेला. त्याच्याही मागचा तो स्वप्न बघणारा. काकांनी लगेच सगळ्या ऑफिसची वाटणी केली. साइटवरचे फोरमन जागते. वरचे साहेब स्वप्न बघणारे. "आन तू झोपलेला," मला म्हणाले. मला लागलं. मी चार दिवस मुद्दाम लवकर ऑफिसात गेलो. पाचव्या दिवशी त्यांनीच समजूत काढली. "येरा हायस. झोपलेल्याला कमी नको समजू. पुरला बांध फुटला का त्योच जागा व्हतं."

हे सगळं आम्ही गमतीवारी घ्यायचो. एक गोष्ट मात्र खटकायची. काका दरवर्षी महिन्याच्या सुट्टीवर भारतात जायचे, पण जायचे ते पनवेलला लेकीकडे. काकूही तिथेच राहायच्या. गावी कुणी जात नव्हतं. डचांच्या एकतीस घरांची नावं तोंडपाठ असलेला हा माणूस पनवेलहून दीड-दोन तासांवरच्या आपल्या गावात पाऊल टाकत नव्हता. विचारलं की म्हणायचे, "बग, बखरीचा काम हाय," आणि विषय बदलायचे.

कारण कळलं ते पावसामुळे. दोह्यात वर्षातून दोन-चारदाच पाऊस पडतो, पण पडला की अल मुंतझाच्या गल्ल्यांत गुडघाभर तळं होतं, कारण पाणी जायला वाट ठेवण्याची गरज कुणाला वाटलेली नसते. असाच एका जानेवारीत सकाळपासून पाऊस लागला. आम्ही काकांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचो. खाली आरडाओरडा ऐकू आला म्हणून उतरलो, तर काका लुंगी खोचून दारात उभे. पलीकडच्या बांधकामावरून वाळूच्या गोण्या आणवल्या होत्या आणि बिल्डिंगच्या तोंडाशी बांध घालायचं काम सुरू होतं. त्यांनी प्रत्येक फ्लॅटला तीन-तीन हात वाटा नेमून दिला होता. तळमजल्यावरचा पाकिस्तानी टेलर एक नंबर, दोन नर्सबाई मल्याळी होत्या त्या दोन नंबर, नाईट ड्युटी करून आलेला नेपाळी गार्ड तीन. चार नंबर आमचा. भिंतीवर खडूनं आकडे लिहिले होते आणि काका पट्टीऐवजी झाडूचा दांडा घेऊन बांध सरळ आहे की नाही ते बघत फिरत होते.

"भाईसाब, थोडा टेढा है तो क्या हुआ?" टेलर कुरकुरला.

"पानी को सब मालूम पडता है," काका म्हणाले.

तासाभरात बांध उभा राहिला. पाणी आलं, टेकलं आणि थांबलं. टेलरनं टाळ्या वाजवल्या. मग एका ठिकाणाहून बारीक धार सुरू झाली आणि जिन्याकडे निघाली. सगळ्यांनी धार कुठून येते ते शोधलं. चार नंबर.

"पुनेकराचा वाटा गलतंय!" काका ओरडले. मी गोण्यांच्या मधे प्लॅस्टिक घालायला विसरलो होतो. दोन्ही नर्सबाई, गार्ड आणि टेलर माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मी विसरलेलो नाही. नुकसान काही नाही, टेलरचं एक कापडाचं बंडल भिजलं एवढंच. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर आमच्या घरी चहा पिताना मी तेच सांगितलं, की एवढ्याशा धारेची एवढी लाज वाटली. मला वाटलं काका चिडवतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"मंग मना कशी वाटली आसंल, बोल."

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या गावचा बांध फुटला होता आणि तो बारा नंबरला फुटला होता. काका इथे होते. गावचा नियम, घरचा माणूस स्वतः उतरला पाहिजे. काका वर्षानुवर्षं बदली मजूर लावत होते, तो त्या वर्षी दुसऱ्या कामावर गेला आणि काकांना वाटलं, एक उधाण निघून जाईल. गेलं नाही. खांड पडली, खारं पाणी आत शिरलं आणि एका रात्रीत अकरा, बारा, तेरा नंबरच्या मागची शेतं बुडाली. नंतर तिथे खारफुटी उगवली. अकरा नंबर हिराजीचा. हिराजी काकांचा लहानपणापासूनचा जोडीदार, चष्म्याला दोरी बांधून फिरणारा, दोघं एकाच वेळी फावडं टाकायचे. काका रजा काढून गेले तेव्हा हिराजी दारात बसला होता. त्यानं शिवी दिली नाही. चष्मा काढला, पुसला आणि आत गेला. त्यानंतर काकांशी तो बोललेला नाही. मग काका गावात गेलेच नाहीत.

"क्लेनदेकचे लोकांनी अशा मानसाचा काय केला, ता शोधतंय मी," काका म्हणाले. "येवराच."

सुमेधा आत निघून गेली. बखरीला हसण्याचे जे प्रकार मी केले होते ते सगळे मला एकदम आठवले आणि माझी मलाच शरम वाटली. पण काकांना सहानुभूती सोसत नसे. त्यांनी लगेच चहात साखर तिरपी पडल्याचं सांगितलं.

क्लेनदेकचा कायदा त्यांना सापडला होता, तो फावड्याचा. ज्याला आपला वाटा राखणं झेपत नाही, त्यानं आपलं फावडं त्या वाट्यात रोवायचं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडायचं. जो कुणी ते फावडं उपटेल, शेत त्याचं आणि वाटाही त्याचा. वहीत सतरा नंबरच्या पानावर दे फ्रीस नावाच्या माणसाच्या नोंदी होत्या, सहीसकट. मग एका ओळीत काही न लिहिता फक्त फावड्याचं चित्र. पुढे पानंच्या पानं सतरा नंबर रिकामा. काका त्या रिकाम्या पानांवर अडकून बसले. महिनेच्या महिने बखर पुढे सरकेना.

आणि एका शुक्रवारी सकाळी ते आमचं दार बडवत आले. बनियनवर, हातात कागद.

"पुनेकर, आयला! त्यो परत आयला!"

सतरा नंबरवर बऱ्याच वर्षांनी पुन्हा नाव उमटलं होतं. दे फ्रीस. काकांनी ते पान टेबलावर पट्टी लावून ठेवावं तसं सरळ ठेवलं. गावानं त्याला परत घेतलं होतं. त्यानं स्वतःचं फावडं स्वतः उपटलं होतं. सुमेधानं शिरा केला. टेलरला, नर्सबाईंना, सगळ्यांना शिरा वाटला गेला आणि तीनशे वर्षं जुन्या कुठल्याशा डच शेतकऱ्याच्या घरवापसीचा आनंद अल मुंतझातल्या चार मजल्यांनी साजरा केला. त्या वर्षी दिवाळीत काकांनी पाच मिनिटांऐवजी पंधरा घेतली. शेवटी म्हणाले, "मी पन जातंय आता. रिझाइन टाकलंय. खलास." लोक उभे राहिले. सेक्रेटरीच्या बायकोनंही टाळ्या वाजवल्या.

काकांचे शेवटचे दोन महिने उरले असताना कंपनीनं मला आठवड्याच्या ट्रेनिंगला हॉलंडला पाठवलं. काकांनी बजावलं, "सतरा नंबर बगून ये." शनिवारी केस मला त्याच्या गाडीतून घेऊन गेला. क्लेनदेक बघून माझी निराशा झाली, हे कबूल करतो. बखर ऐकून ऐकून मला ते रायगडाएवढं झालं होतं. प्रत्यक्षात गवतानं झाकलेला एक लांब उंचवटा, त्यावर ओळीत घरं, एक बसथांबा आणि माझ्याकडे रोखून बघणारी एक मेंढी. समुद्र तर दिसेचना, तो नव्या बांधापलीकडे कोसभर लांब गेलेला. "हा आता झोपलेला बांध," केस म्हणाला. मला उगीचच त्या बांधाविषयी आपलेपणा वाटला.

सतरा नंबरपाशी उभं राहून मी केसला काकांची सगळी हकिकत सांगितली. केसनं मान हलवली.

"तो हा नव्हे," मग तो म्हणाला. "नंतरचा दे फ्रीस वेगळा. पलीकडच्या गावातून आलेला. इथे अर्धी माणसं दे फ्रीस आहेत. पहिला कधी आलाच नाही. आजोबा सांगायचे, तो शहरात कुठेतरी हमाली करत मेला. म्हात्रेनं मला हे विचारलं नाही, नाहीतर मी सांगितलं असतं."

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. सांगावं तर माणूस पाय मागे घेईल, आणि न सांगावं तर खोट्या आधारावर म्हातारपणी हिराजीच्या दारात जाऊन उभा राहील. दोह्याला उतरलो तर काका आगमनाच्या दारातच उभे.

"सतरा नंबर बगितलास?"

"बघितला."

"कसा हाय?"

"गवत छान आहे," मी म्हणालो. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी माझी बॅग उचलली.

लोक कतारहून जाताना सोनं नेतात, ब्लँकेटं नेतात, पावडरचं दूध नेतात. काकांनी फावडं घेतलं. इंडस्ट्रियल एरियातल्या चार दुकानांत हिंडून, प्रत्येक दांडा डोळ्याशी धरून, तीन दुकानदारांना "तिरपा है" सांगून घेतलेलं, पायानं दाबायचं, केसच्या गावातल्यासारखं. ते त्यांनी ड्रॉइंगच्या लांब नळीत पॅक केलं आणि वर शिक्का मारला. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीनं नळी उचलून बघितली.

"सर, यात काय आहे?"

"स्पेड. वन नंबर."

तिनं काकांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि खिशातल्या तीन पेनांकडे बघितलं. "तुम्ही शेतकरी आहात?"

काकांनी थोडा विचार केला. "इन्शाल्ला," म्हणाले.

आत जायच्या दारापाशी आम्ही थांबलो.  आता तरी सांगायलाच हवं असं वाटत होतं. मी म्हणालो, "काका, तो सतरा नंबर..."

"दुसरा व्हता," काका म्हणाले. "ठाव हाय मना."

"कसं कळलं?" मी विचारलं.

"सगला गाव दे फ्रीसांचा. आमचे गावान सगले म्हात्रेच. मना कलनार नाय? आन पैल्याची सही सरल व्हती. दुसऱ्याची तिरपी. त्याच सकाली बगितला, शिरा खाताना."

"मग दिवाळीत एवढं सगळ्यांना का सांगितलंत?"

"माझेकरं धीर नव्हता. तुमी सगले खूश झालात, बोललात, काका जा. मंग जावाच लागला." त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "तुना पन ठाव व्हता. गवत छान हाय बोललास तवाच कलला. गप ऱ्हायलास ता बेस केलास. झोपलेला बांध जागा झाला."

ते आत गेले. मागे वळून बघितलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून चांगली पंधरा मिनिटं रडलो आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

महिन्याभरानं त्यांचा एक व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'रोज जातंय. एकलाच. आजवर कोनी बोलला नव्हता.' फोन कुठल्याशा टोपलीला टेकवून ठेवला असावा, कारण चित्र डावीकडे कललेलं होतं. काकांनी आयुष्यात पाठवलेली पहिली तिरपी गोष्ट. मधे पडका बांध, मागे खारफुटी, आणि गुडघाभर चिखलात काका. मातीचं ढेकूळ काढायचं, बांधावर थापायचं, पुन्हा काढायचं. तीन मिनिटं दुसरं काहीच नाही. मी बंद करणार होतो, एवढ्यात वरून बांधावर कुणीतरी आलं. पाठीमागे हात बांधलेला एक म्हातारा. चष्म्याला दोरी. तो उभा राहून बघत राहिला. काकांना चाहूल लागली होती, ते मान खाली घालून फावडं मारत राहिले.

"तिरपा मारतंस," म्हातारा म्हणाला. "सरल मार."

काका थांबले. त्यांनी फावडं उपटलं, डोळ्याशी धरल्यासारखं सरळ केलं आणि पुन्हा पायानं दाबलं. बांधावर हिराजीनं चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या आणि तो खाली चिखलात उतरला.